हवा गेली तर

कृष्णाकाठच्या या सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत. गव्हाण रिकामी आहे, मिलच्या रोलरांना शेवटचं ग्रीस लागतंय, बॉयलरपुढे अग्निप्रदीपनासाठी मांडव उभा राहतोय. लोखंडी जिन्याखालच्या इन्स्ट्रुमेंट खोलीत एका लांब टेबलावर जुनी चादर अंथरलीय आणि तिच्यावर बॉयलरला पाणी सोडणाऱ्या फीड कंट्रोल व्हॉल्व्हचा आतला सगळा माल ओळीने मांडलाय. प्लग, स्पिंडल, खिडक्या असलेलं केज, सीटची रिंग, पॅकिंगच्या टेफ्लॉनच्या पांढऱ्या रिंगा. व्हॉल्व्हची बॉडी वर पाइपात वेल्ड केलेली आहे, ती जागची हलत नाही. हलणारं तेवढं इथे आलंय.

सगळे ज्यांना मामा म्हणतात ते जुने मेकॅनिक प्लगच्या कडेला बोटाने निळा रंग लावतायत, इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. प्लग सीटवर टेकवतात, दोन्ही तळव्यांमध्ये धरून किंचित फिरवतात, अलगद उचलतात. सीटवर निळी रेघ उमटलीय. आयटीआयहून आलेली शिकाऊ मुलगी वाकून टॉर्च धरते. रेघ गोल फिरून आलीय, पण एका जागी तुटलीय.

"दिसलं का, पोरी?"

"हो मामा. एवढंसंच आहे की."

"एवढंसंच ऱ्हाईलं, की पाणी तिथनंच निसटतंय. आणि निसटणारं पाणी लोखंड खातंय."

खिडकीत गेल्या हंगामातली जुनी सीट पडलीय. तिच्या कडेला एक खाच आहे, गुळगुळीत, कुणी गोल कानशीने मुद्दाम घासल्यासारखी. कानस लागलेली नाही, पाणीच लागलंय. फीड पंप ९० केजीच्या आसपास दाब देतो. इथे केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. त्या दाबाने बारीक फटीतून सुटणारी धार कठीण पोलादातही वाट करते, आणि वाट रुंदावली की धार आणखी वाढते. मुलगी लॅपिंग पेस्टची डबी उघडते. प्लग आणि सीट पुन्हा एकमेकांवर घासायला घेते.

प्लग मी हातात घेऊन बघतो. व्यास ८ सेंटिमीटर, आणि माथ्यापासून तळापर्यंत आरपार भोकं. पाणी अडवायचं त्याच वस्तूला भोकं कशाला? मामा उत्तर देत नाहीत, टेबलाच्या कडेवर खडूने हिशेब मांडतात. ८ सेंटिमीटर व्यास म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. दाब ९०. गुणाकार ४,५०० किलो. प्लग भरीव असता तर बंद व्हॉल्व्हमध्ये हे साडेचार टन त्याला एका बाजूने रेटत राहिले असते. भोकांमधून तेच पाणी प्लगच्या दुसऱ्या बाजूलाही पोचतं, दोन्हीकडचे दाब एकमेकांना काटतात, आणि उरतो तो एवढाच जोर, की वरच्या डब्यातली हवा तो सहज पेलते.

तो डबा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. तो शेजारी जमिनीवर उभा आहे. बाहेरून त्यात बघण्यासारखं काही नाही. पसरट लोखंडी झाकणाचे दोन भाग कडेने बोल्टांनी आवळलेले, मध्ये कापड घातलेल्या रबराचा डायफ्रॅम, त्याच्याखाली मनगटाएवढी जाड दिसणारी स्प्रिंग. डायफ्रॅमचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर फक्त एक केजी हवा सोडली तरी ५०० किलोचा जोर तयार होतो, आणि इथे हवा २.४ केजीपर्यंत देता येते. हवा वरून आली की डायफ्रॅम खाली जातो, स्प्रिंग दबते, स्पिंडल प्लगला सीटकडे नेतो. हवा काढली की स्प्रिंग सगळं परत वर ढकलते. ४० मिलिमीटरची ही ये-जा, एवढंच त्याचं जग. आत मोटर नाही, गिअर नाही, ठिणगी नाही. मोटर अडकून राहिली तर जळते. डायफ्रॅम मात्र एका जागी रात्रभर जोर लावून उभा राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. विजेवर चालणारे अ‍ॅक्च्युएटर आता हवे तसे मिळतात, तरी जगभरच्या कारखान्यांत हवेचा डबा टिकून आहे, तो या साधेपणामुळे. मला हे यंत्र मनापासून आवडतं.

हुकूम देणारा वेगळा आहे. डब्याच्या बाजूला बसणारा पोझिशनर मामांनी टेबलावर उघडलाय. मुलीला शिकवायचं म्हणून नवा बाजूला ठेवून कपाटातला जुना काढलाय, कारण जुन्यात सगळं डोळ्यांना दिसतं. एक नोझल, तिच्यातून सतत फुसफुसणारी हवा, आणि तिच्या तोंडापुढे पातळ पत्र्याची पट्टी, तिला फ्लॅपर म्हणतात. पट्टी तोंडाजवळ आली की हवेला बाहेर पडायला जागा कमी, मागे दाब वाढतो. पट्टी लांब गेली की दाब उतरतो. पट्टीची हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, आणि तेवढ्या हालचालीवर पुढचा रिले शेकडो किलोंचा जोर कमी-जास्त करतो. दुसऱ्या बाजूने स्पिंडलला जोडलेला लिव्हर पोझिशनरला सांगत असतो की व्हॉल्व्ह खरोखर कुठे आहे. सांगितलं तिथे व्हॉल्व्ह पोचला की पट्टी समतोलात येते आणि डब्याकडे जाणारी हवा थांबते. मुलगी बोटाने पट्टीला जेमतेम स्पर्श करते. तिकडे गेजचा काटा भर्रकन चढतो. ती दचकून हात मागे घेते, मग हसून पुन्हा लावते.

"माझ्या येळंला हुकूमसुद्धा हवेचाच हुता," मामा म्हणतात. कंट्रोल रूमपासून व्हॉल्व्हपर्यंत तांब्याची पाव इंची नळी, तिच्यात ३ ते १५ पीएसआय दाब. ३ म्हणजे एक टोक, १५ म्हणजे दुसरं. आता तिथे तार आहे आणि तारेतून ४ ते २० मिलिअँप करंट येतो. आकडे बदलले, पण दोन्हीकडे वरचा आकडा खालच्याच्या पाचपट. आणि दोन्हीकडे सुरुवात शून्यापासून नाही.

"शून्यापासनं का न्हाई?" मामा मुलीला विचारतात.

ती थोडा विचार करते. "शून्य आलं तर कळणार नाही... बंद करायला सांगितलंय की तारच तुटलीय."

मामा मान डोलावतात आणि कामाला लागतात.

या व्हॉल्व्हला ४ मिलिअँप म्हणजे पूर्ण उघडा आणि २० म्हणजे पूर्ण बंद. नेहमीच्या समजाच्या उलट. तार तुटली तर करंट शून्य, पोझिशनर हवा सोडून देणार, स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडणार. हे उलटेपण मुद्दाम आहे.

दुपारी सगळं वर चढवतात. चेन ब्लॉकला लटकलेला अ‍ॅक्च्युएटर हळूहळू बॉडीवर उतरतो. बोल्ट समोरासमोरचे धरून, फेऱ्याफेऱ्याने आवळले जातात. बॉयलर हाऊसमध्ये आत्ता एक शांतता आहे, ती हंगामात पुन्हा मिळणार नाही. हवेची नळी जोडण्याआधी मामा खिशातला पांढरा रुमाल काढतात, नळीच्या तोंडावर धरतात आणि कॉक उघडतात. फस्स आवाज होतो. रुमाल उलटून बघतात. कोरडा, डाग नाही. तरी दुसऱ्यांदा करतात.

हे मला अतिरेकी वाटत नाही, कारण खाली जुना पोझिशनर पाहून आलोय. नोझलचं छिद्र मिलिमीटरपेक्षाही बारीक. पावसाळाभर या भागात हवेत ओल असते, कंप्रेसर ती हवेबरोबरच दाबतो, आणि दाबलेली हवा गार झाली की पाणी सुटतं. पाण्याने पाइप गंजतो, गंजाचा कण छिद्रात बसतो. त्यात कंप्रेसरचं तेल मिसळलं तर चिकट राडा. म्हणून इन्स्ट्रुमेंटची हवा वेगळी, ड्रायरमधून काढलेली, इतकी कोरडी की दव पडायला ती उणे ४० अंशांपर्यंत गार व्हावी लागेल. कारखान्यात पाणी, वाफ, रस यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. हवा कुणी मोजत नाही, आणि कितीतरी बिघाडांचं मूळ तिथेच असतं.

"कंट्रोल, पन्नास द्या." मुलगी वॉकीटॉकीवर बोलते.

स्पिंडल सरकतो. मोजपट्टीवरचा काटा ५० वर थांबतो. शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर, मग त्याच पायऱ्यांनी परत. चढताना आणि उतरताना काटा त्याच जागी येतो का, ते ती वहीत लिहिते. येतोय. मला वाटतं झालं. मामांना तसं वाटत नाही.

"आता साडेपन्नास मागव."

कंट्रोल रूम साडेपन्नास देते. काटा जागेवर. एक्कावन्न. जागेवरच. बावन्न म्हणताच स्पिंडल एकदम उडी मारतो, बावन्नच्या थोडा पुढे जातो, मग मागे येतो.

मामा स्पिंडलवर दोन बोटं टेकवतात. "ग्लँड कुणी आवळली?"

एक हेल्पर पुढे होतो. गेल्या हंगामात ग्लँडमधून पाणी झिरपायचं, म्हणून यंदा त्याने आधीच दाबून आवळलीय. मामा रागवत नाहीत. पॅकिंगच्या रिंगा स्पिंडलला बिलगूनच असायला हव्यात, नाहीतर पाणी येणार. पण प्रमाणाबाहेर दाबल्या की त्या स्पिंडलला धरून ठेवतात. हवा वाढत जाते, स्पिंडल हलत नाही, आणि शेवटी सुटतो तो गरजेपेक्षा जास्त. मग कंट्रोलर त्याला मागे बोलावतो, तो पुन्हा अडकतो, पुन्हा जास्त सुटतो. पाण्याची पातळी वरखाली झुलत राहते आणि कंट्रोल रूममधला माणूस कंट्रोलरच्या सेटिंगशी झगडत बसतो. रोग असतो इथे, ग्लँडच्या दोन नटांत. मामा स्पॅनर मुलीच्या हातात देतात. पाव फेरा या नटाला, पाव फेरा त्या. पुन्हा साडेपन्नास. आता काटा हलतो. ढोबळ पायऱ्यांनी तपासलेला व्हॉल्व्ह ठणठणीत दिसत होता. अर्ध्या टक्क्याचा हुकूम दिल्यावर त्याचं खरं रूप दिसलं, आणि चालू बॉयलरवर सगळे हुकूम असेच बारीक असतात.

मग मामा हवेच्या कॉकला हात घालतात. "लांब व्हा जरा."

व्हॉल्व्ह बंद स्थितीत आहे. कॉक फिरतो, जोडणीतून हवा सुटते, आणि स्पिंडल कुणाच्याही हुकमाशिवाय वर येतो, थेट टोकापर्यंत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

दिवसभरात पाहिलेल्या सगळ्यात ही हालचाल मला सर्वांत मोलाची वाटते. वीज गेली, कंप्रेसर थांबला, टाकीत साठवलेली हवाही संपली, तर काय करायचं हे या स्प्रिंगला कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय. इथलं इंधन बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड आहे. तेलाचा बर्नर कळ दाबून विझवता येतो. ग्रेटवर पडलेलं बगॅस पंखे थांबले तरी लगेच विझत नाही, त्याची धग नळ्यांना लागत राहते. नळ्यांत पाणी नसेल तर धातू मऊ पडतो, फुगतो, फुटतो. म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी जास्त झालं तर तेही वाईटच, बॉयलरच्या ड्रममधलं पाणी वाफेबरोबर टर्बाइनच्या पात्यांवर जाऊ शकतं. पण त्या धोक्यात माणसाला धावायला, हाताचा व्हॉल्व्ह फिरवायला थोडा वेळ मिळतो. दोन वाइटांतलं कमी वाईट निवडलेलं आहे. चार पावलांवरचा वाफेचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बरोबर उलटा आहे. त्याची हवा गेली की स्प्रिंग तो बंद करते, कारण ६७ केजीची वाफ कमी दाबाच्या भांड्यांकडे मोकाट सुटणं कुणालाच परवडणारं नाही. दोघांच्या स्प्रिंगा सारख्याच पोलादाच्या, फक्त एक डायफ्रॅमच्या खाली बसवलीय, एक वर.

अग्निप्रदीपन होतं. पूजा, नारळ, लाकडांचा पहिला जाळ. पाहुणे मांडवातून जेवायला जातात आणि बॉयलर आपल्या गतीने तापायला लागतो. घाई चालत नाही, ड्रमचं जाड पोलाद आणि भट्टीच्या विटा एकसारख्या तापाव्या लागतात. ड्रममध्ये अजून दाब नाही, पण पंप मात्र त्याचे पूर्ण ९० देतोय. सगळा फरक व्हॉल्व्हच्या अरुंद गळ्यात पडणार. म्हणून आत्ता मोठा व्हॉल्व्ह बंद ठेवून शेजारची छोटी लाइन चालवतात, तिला इथे थर्टी परसेंट म्हणतात.

त्या लाइनजवळ कान नेला की बारीक खडखडाट ऐकू येतो. अरुंद जागेत पाण्याचा वेग इतका वाढतो आणि दाब इतका उतरतो की पाणी क्षणभर उकळून त्यात बुडबुडे होतात. पुढे जागा रुंदावली, दाब परत आला की ते बुडबुडे फुटतात, आणि धातूला चिकटून फुटणारे बुडबुडे हळूहळू त्याचे कण उखडून नेतात. असा खाल्लेला प्लग खरखरीत, खड्ड्याखड्ड्यांचा दिसतो. खिडकीतल्या सीटसारखा गुळगुळीत नाही. व्हॉल्व्ह कशाने मेला हे त्याच्या जखमेवरून ओळखता येतं. या छोट्या व्हॉल्व्हमध्ये एकात एक बसणारी बारीक भोकांची केजं आहेत. दाब एकाच उडीत न उतरता टप्प्याटप्प्याने उतरावा, एवढ्यासाठी. तरी थोडी खडखड राहतेच. मामा ऐकतात, मान हलवतात, पुढे जातात.

दाब चढतो. पाणी मोठ्या लाइनवर घेतात. त्याच्या केजच्या खिडक्या खाली अरुंद, वर रुंद आहेत. पाणी कमी लागतं तेव्हा बारीक नियंत्रण हवं, आणि पाणी जास्त वाहायला लागलं की पंपाचा दाब उतरतो, पाइपही थोडा खातो, व्हॉल्व्हच्या वाट्याला कमी उरतो. मग तेवढ्याच हालचालीत जास्त जागा मोकळी व्हायला हवी. हा सगळा हिशेब खिडकीच्या आकारात बसवलाय.

टर्बाइन लोडवर आहे. पहिली मोळी पडलीय आणि मिल सुरू करायची तयारी चाललीय. मी कंट्रोल रूममध्ये उभा आहे. पडद्यावर तीन रेघा आहेत, ड्रमची पातळी, बाहेर जाणारी वाफ, आत येणारं पाणी. चौथी खाली, व्हॉल्व्हची स्थिती.

मिल फिरते. वाफेची रेघ उभी चढते. ड्रमचा दाब ६७ वरून ६५ कडे घसरतो. आणि पाण्याची पातळी? वाफ जास्त बाहेर चाललीय, म्हणजे पातळी उतरायला हवी. ती वर येते. पन्नासवर होती, बावन्न, चौपन्न, छप्पन्न.

मुलगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. ऑपरेटर शांत आहे. दूध उतू येतं तेव्हा पातेल्यातलं दूध काही वाढलेलं नसतं, तसंच हे. दाब उतरला की नळ्यांमधले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पाण्याला वर ड्रममध्ये ढकलतात. पातळी चढलेली दिसते, बॉयलरमधलं पाणी खरं तर कमी होत असतं. फक्त पातळी बघून व्हॉल्व्ह चालवला तर तो नेमका आत्ता बंद व्हायला लागेल. बुडबुडे बसले की पातळी दाणकन कोसळेल. काचेच्या नळीतली पातळी पाहून हाताने चाक फिरवण्याच्या काळात जुन्या बॉयलर अटेंडंटांना ही फसवणूक अंगवळणी पडलेली असे, ती पातळी खोटी आहे हे त्यांचा हात ओळखायचा. आता तेच शहाणपण तीन रेघांत आहे. वाफ जितकी जास्त गेली तितकं पाणी आधी वाढव, पातळीची तक्रार नंतर सावकाश ऐक.

पातळी छप्पन्न दाखवतेय आणि व्हॉल्व्हची रेघ वर चाललीय. उघडतोय. मी धावत जिना चढून व्हॉल्व्हपाशी जातो. उष्णतेने डोळे चुरचुरतात. स्पिंडल खरंच सरकतोय, नखभर, पुन्हा नखभर. पोझिशनरमधून हवेचे बारीक सुस्कारे येतायत. ग्लँड कोरडी आहे.

खाली येईपर्यंत पातळी उतरू लागलीय. त्रेपन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस. तिथे थांबते आणि वर वळते. वाढवलेलं पाणी वेळेवर पोचलंय. ऑपरेटर मिलवाल्यांना फोनवर सांगतो, "चालू द्या, वाफ आहे."

मामा मात्र पडद्याला नाक लावून उभे आहेत. व्हॉल्व्हची रेघ ते मोठी करायला सांगतात, आणखी मोठी. चढत्या रेघेवर मध्येच बारीक दाते आहेत, करवतीसारखे, रेघ मोठी केली नसती तर दिसलेच नसते.

"बघ पोरी. अजून थोडा धरतोय."

"ग्लँड ढिली करू का मामा?"

"आत्ता न्हाई. गरम हाय, आणि पाठीमागं नव्वद केजी हाय. चालत्या ग्लँडला हात लावायचा न्हाई. वहीत लिही, आजची येळ टाक. थंड झाल्यावर अर्धा फेरा बघू, तवर दात वाढत्यात का ते रोज बघायचं."

ती तारीख आणि वेळ लिहिते, आणि तिच्याखाली दात्यांची उंची: ०.६ टक्के.